किक आली की बेसने कुठे जायचं?

माझा इलेक्ट्रॉनिक ट्रॅक १२४ बीपीएमचा (मिनिटाला १२४ ठोके), जी मायनरमधला. बेसचा मुख्य सूर खालचा जी, म्हणजे ४९ हर्ट्झ. किक, म्हणजे दर ठोक्याला धपकन वाजणारा ड्रम, निवडली तीही ५० हर्ट्झच्या आसपास स्थिरावणारी, कारण तिचं शेपूट, म्हणजे मागे रेंगाळणारा आवाज, याच सुरात छान मिसळत होतं. एकेकटे ऐकले तर दोन्ही आवाज भरदार. एकत्र सुरू केले की पहिल्या ठोक्याला छातीत दणका, तिसऱ्या ठोक्याला तीच किक पोकळ, पुढच्या बारमध्ये पुन्हा भरलेली. सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाज) तेच, व्हेलॉसिटी (वाजवण्याचा जोर) तीच, फेडर (आवाजाची सरकपट्टी) जागचा हललेला नाही. प्रोग्रेसिव्ह हाऊस या नाचाच्या संगीतात प्रत्येक ठोक्याला किक सारखीच ठाम लागते. तीच डळमळली तर तिच्यावर रचलेलं काहीही टिकत नाही.

दोन्ही ट्रॅक ऑडिओत उतरवून घेतले, वेव्हफॉर्म मोठा करून पाहिला आणि कारण डोळ्यांना दिसलं. ४९ हर्ट्झची एक लाट साधारण २० मिलिसेकंदांची. सिंथचा ऑसिलेटर, म्हणजे लाट तयार करणारा भाग, मोकळा फिरत होता, त्यामुळे बेसचा प्रत्येक सूर लाटेच्या वेगळ्या जागेवरून सुरू होत होता. ज्या ठोक्याला किकची आणि बेसची लाट एकदमच वर चढली तिथे बेरीज, जिथे एक वर आणि दुसरी खाली तिथे वजाबाकी. मीटरवर, जिथे शून्य ही कमाल, किकचं शिखर उणे ८ डेसिबल आणि बेसचं उणे १०. ही दोन शिखरं तंतोतंत जुळली तर बेरीज उणे ३ च्या आसपास जाते. म्हणजे या दोघांनीच मास्टरवरची, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात त्या शेवटच्या ट्रॅकवरची, बहुतेक जागा व्यापली. ढोलकी, पॅड (मागे पसरलेले लांब सूर) आणि गाण्याचा आवाज यांच्यासाठी फार काही उरत नाही.

या ट्रॅकवर साइडचेन, म्हणजे किक वाजली की बेस आपोआप खाली नेणारी जोडणी, कशी बसवत गेले ते सांगते. साइडचेनकडे बहुतेक जण मिक्सची दुरुस्ती म्हणून बघतात. माझ्या लेखी ती आधी तालाची गोष्ट आहे. किक वाजून गेल्यावर बेस नेमका कधी परत येतो यावर ट्रॅकची चाल ठरते, आणि तो क्षण ठरवणारं बटण कॉम्प्रेसरवर, म्हणजे ठरावीक पातळीपुढचा आवाज दाबणाऱ्या साधनावर, असतं.

कॉम्प्रेसर उघडण्याआधी मात्र दोन कामं उरकली. सिंथमध्ये रीट्रिगर चालू केलं, त्यामुळे प्रत्येक सूर लाटेच्या एकाच जागेवरून सुरू होऊ लागला. निदान ठोक्यावर येणाऱ्या सुरांपुरती तरी किक ठोक्यागणिक बदलायची थांबली. मग पियानो रोलमध्ये (सूर लिहायच्या चौकटीत) जाऊन किकच्या थेट खाली येणारे बेसचे सूर एकेक करून ऐकले आणि गरज नव्हती ते काढून टाकले.

हे दुसरं काम मी गोव्याकडून शिकले. अंजुना-वागातोरच्या किनाऱ्यांवर घडलेलं गोवा ट्रान्स आणि त्यातून पुढे आलेलं सायट्रान्स यात किक-बेसची एक पक्की मांडणी आहे. एका ठोक्याचे चार भाग करायचे, पहिल्या भागात किक आणि उरलेल्या तिनात बेस. १४५ बीपीएमला असा एक भाग १०३ मिलिसेकंदांचा होतो. किकचं शेपूट तेवढ्यात आवरलं की दोघांची गाठच पडत नाही. सायट्रान्स करणारे किकच्या लांबीवर इतका जीव टाकतात तो यासाठी. तिथे साइडचेन नावापुरती असते, कित्येकदा तीही नसते. भांडण मिटवण्यापेक्षा ते लागूच न देणं केव्हाही चांगलं, आणि ते काम नोट्स लिहितानाच होऊन जातं.

माझ्या ट्रॅकला ही मांडणी पूर्णपणे चालणार नव्हती. इथला बेस दीड-दोन ठोके लांब सूर धरतो, एका सुरावरून दुसऱ्यावर सरकतो. ठोक्याठोक्याला तोडला तर ते सरकणंच जातं. सूर किकच्या खालून सलग वाहायला हवा, तरीही किकच्या क्षणी तिथे नसायला हवा. इथे साइडचेनला पर्याय नव्हता.

ज्यांनी कधी लावली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉम्प्रेसरला एक कान आणि एक हात आहे असं समजा. कान आवाज मोजतो, हात आवाज कमी करतो. साध्या वापरात दोघांसमोर एकच आवाज असतो. साइडचेनमध्ये कान किककडे लावायचा आणि हात बेसवर ठेवायचा. रेडिओवर निवेदक बोलायला लागला की मागचं गाणं आपोआप खाली जातं आणि तो थांबला की वर येतं, ते याच तत्त्वावर.

मी एबलटन लाइव्ह या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरवर काम करते. बेसच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर टाकला, त्याच्या शीर्षकपट्टीवरचा छोटा त्रिकोण दाबून साइडचेनचा भाग उघडला आणि 'ऑडिओ फ्रॉम'मध्ये किकचा ट्रॅक निवडला. थ्रेशोल्ड (दाबणं सुरू होण्याची पातळी) उणे ३०, रेशो ४:१, म्हणजे त्यावरच्या दर चार डेसिबलपैकी एकच उरतो. किकचं शिखर उणे ८ आहे, म्हणजे ती थ्रेशोल्डच्या २२ डेसिबल वर जाते. रेशोच्या हिशोबाने त्यातले साडेपाच उरतात आणि साडेसोळा डेसिबल बेसवरून कापले जातात. बेस स्वतः किती मोठा आहे हा प्रश्न या हिशोबात कुठेच येत नाही. त्याचा आवाज चढवा-उतरवा, कपात तीच राहते. किकचं सॅम्पल बदललं किंवा तिची पातळी हलवली की मात्र कपात बदलते. हे एकदा डोक्यात बसलं की साइडचेनच्या अर्ध्या तक्रारी कुठून येतात ते कळतं: मिक्स करताना कोणीतरी किक दोन डेसिबल वर घेतं आणि बेस का दबला म्हणून शोधत बसतं.

किक एकदम ठाम झाली. पण रिलीजचं, म्हणजे दाब किती वेळात सोडायचा ते ठरवणारं, बटण फिरवल्यावर ते हाताला म्हणावं तसं लागत नव्हतं. ५० मिलिसेकंद केला काय आणि १०० केला काय, बेस जवळपास तेव्हाच परतायचा. त्याचं कारण किकच्या शेपटात. रिलीजची वेळ सुरू होते ती कानापर्यंत येणारा आवाज खाली उतरायला लागल्यावर. माझी किक सावकाश विरत जाणारी, २५०-३०० मिलिसेकंद रेंगाळणारी. १२४ बीपीएमला अख्खा ठोकाच ४८४ मिलिसेकंदांचा. म्हणजे निम्म्या ठोक्यापर्यंत किकच कॉम्प्रेसरला धरून ठेवणार आणि मला ठरवायला मागचा तुकडा तेवढा उरणार.

रिलीज १० मिलिसेकंदांवर आणला तेव्हा आणखी एक गोष्ट ऐकू आली. किक वाजत असताना बेसमध्ये बारीक खरखर. हेडफोनवर डोळे मिटून ऐकल्यावर ती स्पष्ट झाली. कॉम्प्रेसर इतका चपळ झाला होता की किकच्या एकेका लाटेमागे धावत होता: शिखर आलं की दाबायचा, लाट शून्याकडे आली की सोडायचा, खालचं शिखर आलं की पुन्हा दाबायचा. ५० हर्ट्झच्या लाटेत वरची-खालची धरून सेकंदाला शंभर शिखरं, आणि तितक्या वेळा बेसवरचा दाब हलत होता. कोणाला हा आवाज मुद्दाम हवा असेल तर त्याने जरूर ठेवावा. मला स्वच्छ सब, म्हणजे बेसचा सर्वांत खालचा भाग, हवा होता.

दोन्हीवर उपाय एकच, आणि तो जुना आहे: घोस्ट किक. वेगळा ट्रॅक घेतला, त्यात एक अगदी छोटं, कोरडं टिक्-सारखं सॅम्पल टाकलं, जेमतेम २० मिलिसेकंदांचं. दर ठोक्याला एक. त्या ट्रॅकचं आउटपुट 'सेंड्स ओन्ली' केलं, म्हणजे तो मास्टरवर जात नाही, कोणालाच ऐकू येत नाही. सगळ्या कॉम्प्रेसरांचे कान आता याच्याकडे. तो ठोका येतो आणि लगेच संपतो, त्यामुळे पुढचा सगळा काळ रिलीजच्या ताब्यात येतो. खऱ्या किकचं सॅम्पल मी नंतर बदललं, तिच्यावर फिल्टर फिरवला, बेसची चाल तसूभरही बदलली नाही.

इथून पुढे मिक्सिंग संपलं आणि वादन सुरू झालं असं मला वाटतं.

१२४ बीपीएमला ठोका ४८४ मिलिसेकंद, अर्धा ठोका २४२, पाव १२१. बेस पाव ठोक्याच्या आतच परत आला की ट्रॅक धावतो. किक आणि बेस एकमेकांच्या पाठोपाठ लागतात, पाय लवकर पडतात, टेक्नोला शोभेल असा ताण येतो. बेस सावकाश येऊन अर्ध्या ठोक्याला भरला, तर दोन किकच्या मधोमध वाजणारी ओपन हॅट (झांजेसारखा झणकारणारा ठोका) नेमकी त्या भरतीवर येते आणि चाल झुलती होते. आणखी लांबवला, पुढची किक यायच्या आधी तो जेमतेम वर आला न आला असा ठेवला, तर सगळा ट्रॅक धापा टाकल्यासारखा ऐकू येतो. हेच ते पंपिंग. १९९० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच हाऊसने हा परिणाम लपवायच्या ऐवजी समोर आणला आणि तोच संगीताचा भाग केला. अलेसिस ३६३० नावाचा स्वस्तातला कॉम्प्रेसर त्या आवाजाशी कायमचा जोडला गेला. त्यात कित्येकदा वेगळी साइडचेन नसायचीही. किकसकट सगळंच एका कॉम्प्रेसरमधून काढायचं, किक सर्वांत मोठी असल्यामुळे बाकीचं तिच्यापुढे आपोआप वाकायचं.

रिलीज ठरवताना मी पडद्याकडे पाठ केली. पॅड, ढोलकी, आवाज सगळं बंद. किक, बेस आणि हॅट एवढंच चालू. खोलीत उभं राहून, पाय मोकळे सोडून, हळूहळू बटण फिरवत नेलं. रिलीज आखूड असताना अंग पुढे ढकललं जात होतं. एका ठिकाणी खांदे आपसूक मागे गेले आणि डोकं हॅटवर डोलायला लागलं. मग मागे वळून बघितलं. गेन रिडक्शनची, म्हणजे कपात दाखवणारी, पट्टी हॅटच्या किंचित आधी शून्याला पोहोचत होती. बटणावरचा आकडा होता १४० च्या आसपास, अर्ध्या ठोक्याच्या बराच आत, आणि तसाच यायला हवा. कॉम्प्रेसर झटकन बराचसा परततो आणि शेवटचे दोन-तीन डेसिबल रेंगाळत येतो, त्यामुळे रिलीजचा आकडा आणि बेस पूर्ण भरण्याचा क्षण यांचा सरळ मेळ बसत नाही. दुसऱ्याच्या ट्रॅकमधला रिलीजचा आकडा उचलून आपल्याकडे टाकण्यात म्हणूनच अर्थ नसतो. टेम्पो, कपातीची खोली, ट्रिगरची लांबी, तिन्ही वेगळी असतात. तक्ता लावून ठोक्याचे मिलिसेकंद काढावेत, पण ते सुरुवातीचा अंदाज म्हणून. शेवटचं अंगाला विचारावं.

आता खोलीबद्दल. माझी कामाची खोली पुण्यातल्या फ्लॅटमधली दहा बाय बारा. बारा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज स्वतःहून घुमत राहतो. आवाजाचा वेग आणि भिंतींमधलं अंतर यांचं साधं गणित आहे. माझा बेस ४९ ला. म्हणजे कॉम्प्रेसरने बेस दाबला तरी खोली तो लांबवत राहणार आणि किकपुढची मोकळी जागा भरून टाकणार. स्पीकरवर ऐकून मला कपात सतत कमीच वाटत होती. म्हणून साइडचेनचे सगळे निर्णय हेडफोनवर घेतले आणि जोडीला लाट पडद्यावर दाखवणारं ऑसिलोस्कोपचं प्लगइन उघडं ठेवलं. लहान खोलीत काम करणाऱ्या कोणालाही माझं हेच सांगणं आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती स्टुडिओंची लांबी-रुंदी याच मापाची असते, आणि भिंतीवर फोम चिकटवून ५० हर्ट्झला काही फरक पडत नाही.

हेडफोनवर नीट ऐकल्यावर बेसचे दोन तुकडे करावेत असं ठरलं. साडेसोळा डेसिबलची कपात खालच्या भागासाठी योग्य होती, पण बेसचा वरचा भाग, ज्यात त्याची सुरावट कळते, तोही तेवढाच खाली जात होता आणि प्रत्येक ठोक्याला धून तुटल्यासारखी वाटत होती. क्रॉसओव्हर फिल्टरने चिरण्याऐवजी मी सबचा वेगळा ट्रॅक केला: शुद्ध साइन वेव्ह, नोट्स त्याच, रीट्रिगर चालू. मूळ बेसवर हाय-पास, म्हणजे १२० हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर. वरच्या बेसवर कॉम्प्रेसर ठेवून पाच-सहा डेसिबलचीच कपात. मोबाइलच्या स्पीकरवर सब ऐकूच येत नाही, तिथे ट्रॅक कसा चालतोय ते या वरच्या बेसच्या हलक्या श्वासावरूनच कळतं. म्हणून तो अगदीच काढून टाकला नाही.

सबवरचा कॉम्प्रेसर मात्र काढला आणि त्याच्या जागी आवाजाचा आलेख हाताने काढता येतो असं प्लगइन लावलं. एका ठोक्याएवढी चौकट, तिच्यात रेष ओढायची. किकच्या क्षणी सब पूर्ण शून्य, साधारण ९० मिलिसेकंद तसाच, मग एस-आकाराने चढत हॅटच्या आधी पूर्ण. कॉम्प्रेसरच्या रिलीजची घडण बहुधा ठरलेली असते, उतरण झटक्यात आणि मग रेंगाळणं. आलेखात तो वळसा पाहिजे तसा देता येतो. आधी हळू, मग वेगात वर आलेला सब ऐकायला फार वेगळा असतो. जणू पुढच्या ठोक्याकडे ओढला जातो. आपण ताल लिहितोय ही जाणीव मला सर्वांत जास्त या चौकटीसमोर होते. रेषेचा एक बिंदू दोन मिलिमीटर सरकवला की ट्रॅकची चाल बदललेली ऐकू येते.

त्या रेषेची सुरुवात जवळून बघण्यासारखी आहे. सरळ काटकोनात खाली आणली तर सबची लाट मधोमध कापली जाते आणि 'टक्' असा आवाज येतो. किक वाजत असताना तो तिच्या टोकाखाली झाकला जातो, किक नसताना उघडा पडतो. मी तीन मिलिसेकंदांचा उतार दिला आणि तो किकच्या त्याच तीन मिलिसेकंद आधी सुरू केला, म्हणजे किकचं टोक येईपर्यंत सब जागेवरून उठलेला असतो. कॉम्प्रेसरमध्ये हेच काम लुकअहेड करतं.

पुढचा भाग ढोलकीचा. या ट्रॅकच्या मधल्या भागात ढोलकी आहे आणि ती सॅम्पल पॅकमधली नाही, समोर बसून रेकॉर्ड केलेली आहे. वाजवणाऱ्या काकांचं निम्मं आयुष्य नारायणगावकडच्या फडांत गेलं. धुमाळीच्या अंगाने वाजवलेला ठेका, आठ मात्रांचा, त्यामुळे चार ठोक्यांच्या किकवर आपसूक बसतो. ढोलकीचं घुमणारं तोंड किकच्या वाटेत येत होतं, म्हणून बाकीच्यांसारखाच तिच्यावरही घोस्ट किकचा कॉम्प्रेसर लावून काकांना ऐकवला. त्यांनी एकदाच ऐकलं आणि म्हणाले, "पोरी, माझी सम कुठं गेली?"

त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. ठेक्यातला सर्वांत वजनदार बोल समेवर पडतो आणि किकही समेवरच पडते. म्हणजे कॉम्प्रेसर जे काही दाबत होता ते नेमकं ठेक्याचं वजन होतं. मधले हलके बोल तेवढे शाबूत. शिवाय काका क्लिकशी खेळत वाजवतात. एखादी थाप ठोक्याच्या आठ-दहा मिलिसेकंद आधी येते, एखादी किंचित मागे. आधी आलेली थाप कॉम्प्रेसरच्या तावडीतून सुटून मोठी ऐकू येते, मागे आलेली पूर्ण गिळली जाते. त्यांच्या हाताला सारखा असलेला जोर ट्रॅकमध्ये वेडावाकडा होऊन येत होता. यंत्राच्या ग्रिडवर बांधलेल्या सिंथला हा प्रश्न कधीच येत नाही, म्हणून साइडचेनवरच्या बहुतेक शिकवण्यांत तो आढळत नाही. आपल्याकडे हलगी, संबळ, ढोलकी, ताशा घेऊन इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या प्रत्येकाला मात्र तो येणारच.

उपाय मल्टिबँडने, म्हणजे आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर वेगळं काम करणाऱ्या कॉम्प्रेसरने, झाला. ढोलकीचा १५० हर्ट्झच्या खालचा पट्टा तेवढा किकपुढे झुकवला, तोही सात-आठ डेसिबलच. वरच्या पट्ट्याला हात लावला नाही. थापेचं टोक, बोटांचा कडकडाट, शाईचा तो टणक सूर सगळं वर असतं, आणि सम ओळखायला कानाला तेच पुरतं. खालचं वजन त्या क्षणापुरतं किक देते आणि पुढच्याच क्षणी ढोलकीचा घुमारा परत येतो. घुमाऱ्याची मींड, डाव्या हाताने दाबत वर नेलेला सूर, ती ठोका पडून गेल्यानंतरची असते, त्यामुळे ती पूर्ण ऐकू येते. रिलीज इथे आखूड ठेवला, ऐंशीच्या आसपास, म्हणजे मींडेच्या सुरुवातीलाच आवाज जागेवर. काकांना पुन्हा ऐकवलं तेव्हा ते मांडीवर ठेका धरून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

पॅड आणि रिव्हर्ब (आवाजामागची घुमती आस) यांचं काम पटकन झालं. पॅडवर सहा डेसिबल, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) दहा मिलिसेकंदांचा मऊ, रिलीज बेसपेक्षा थोडा लांब. आवाजाच्या रिव्हर्बवर गायिकेचाच कोरडा ट्रॅक साइडचेनला दिला: ती गात असताना रिव्हर्ब मागे, ओळ संपली की पुढे. शब्द स्पष्ट राहतात आणि दोन ओळींमधली जागा भरते. आवाजावर स्वतःवर किकची साइडचेन लावली नाही. हेलकावे खाणारा मानवी आवाज मला या गाण्यात नको होता.

ब्रेकडाउनमध्ये घोस्ट किकचा दुसरा फायदा मिळाला. तिथे खरी किक थांबते, बेसही थांबतो, पण घोस्ट चालूच आहे. त्यामुळे पॅड तसाच दर ठोक्याला झुकत राहतो आणि किक नसतानाही पाय ताल सोडत नाहीत. ब्रेकच्या शेवटच्या आठ बारमध्ये ही कपात ऑटोमेशनने हळूहळू शून्यावर नेली. पॅड सपाट, स्थिर होत जातो, हेलकावा थांबतो. ड्रॉपला किक, सब आणि हेलकावा तिन्ही एकदम परत येतात. ड्रॉप मोठा वाटावा म्हणून आवाज वाढवावा लागला नाही.

मग मोठ्या सिस्टिमवर. माझा एक मित्र लग्नं आणि गणपतीतल्या मिरवणुकांना साऊंड लावतो. त्याच्या गोदामात अठरा इंची सबवर ट्रॅक वाजवला. मोठ्या बंदिस्त जागेत खालचे सूर भिंतींवर आपटून उशिरापर्यंत रेंगाळतात, त्यामुळे हेडफोनवर ९० मिलिसेकंदांची असलेली मोकळी जागा तिथे निम्मीच भासली. लॅपटॉप तिथेच उघडून ती ११० केली आणि सबचा चढ थोडा उभा केला, म्हणजे हॅटची वेळ चुकणार नाही. किकला मोकळं मैदान मिळालं. वरच्या बेसची पाच-सहा डेसिबलची कपात तिथे अगदी बरोबर वाटली, ती हलवली नाही. मित्र ढोलकीच्या भागाला म्हणाला, "हे मिरवणुकीत वाजव, लोक नुसते उभे राहणार नाहीत." सबमधला बदल घरी येऊन हेडफोनवर पुन्हा ऐकला. तिथे फरक जेमतेम जाणवत होता, म्हणून तोच ठेवला.

मास्टरवरचा लिमिटर, म्हणजे शिखरं कमाल पातळीत रोखणारं साधन, बघितला. साइडचेनच्या आधी तो दर किकला चार-पाच डेसिबल खात होता, आता एक-दीड. किकचं शिखर आणि सब एका क्षणी एकत्र येतच नाहीत, त्यामुळे शिखर किकच्या एकटीच्या पातळीपाशी थांबतं आणि तीन-चार डेसिबलची जागा फुकट मिळते. स्पॉटिफाय गाणी उणे १४ लफ्सच्या (सरासरी मोठेपणा मोजायचं एकक) पातळीला आणून वाजवतं, तिथे नुसत्या मोठेपणाने काही पदरात पडत नाही. पण क्लबमध्ये इतरांच्या ट्रॅकशेजारी हा ट्रॅक वाजणार आहे, तिथे ही जागा उपयोगी येते.

मास्टरिंगला मिक्सची एकच फाइल दिली. रीमिक्ससाठी स्टेम्स, म्हणजे एकेका वाद्याच्या वेगळ्या फाइली, मागितले होते, त्यांचे दोन संच केले: एक साइडचेनसकट, एक तिच्याशिवाय. बरोबर घोस्ट किकची मिडी फाइल (ठोके कुठे पडतात त्याची नोंद) आणि सबच्या आलेखाचा स्क्रीनशॉट. रीमिक्स करणारा १३२ बीपीएमवर नेणार आहे असं त्याने कळवलंय. तिथे ठोका ४५५ मिलिसेकंदांचा होतो आणि हॅट जवळपास पंधरा मिलिसेकंद आधी येते. सबचा चढ तिच्या आधी पूर्ण व्हायला हवा, म्हणून त्याला तो नव्याने काढावा लागेल. ढोलकीचा स्टेम मात्र दोन्ही संचांत मल्टिबँडसकटच ठेवलाय आणि सोबत चिठ्ठी लिहिली आहे की यावर आणखी साइडचेन लावणार असशील तर १५० च्या खालीच लाव.